बाळंतपणातली 'खुशी' कुणाची?

(बचत गट आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या शिबिरातील भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला आहे 'आरोग्य व्यवस्थेतला भ्रष्टाचार'. तो फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतल्या एक मावशी शेजारणीला हळूच म्हणाल्या, "हे पुढाऱ्यांचं काम, आपल्याला काय त्यात?" मला ऐकू आलं बरं का मावशी! पण तुमची चूक नाही. समाजकार्याचं शिक्षण घेताना माझ्याही डोक्यात हेच होतं. भ्रष्टाचार म्हणजे औषधांची खरेदी, निविदा, मंत्री, चौकशी आयोग. आणि ते खोटंही नाही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरॉल दिल्यामुळे चौदा माणसं दगावली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. पुरवठादार, रुग्णालयातली खरेदी, औषधांवर देखरेख ठेवणारं खातं, अशी सगळी साखळी त्यात उघडी पडली. वरच्या मजल्यावरचे पैसे खाली येऊन माणूस कसा मारतात, हे ज्यांना बघायचं आहे त्यांनी ते प्रकरण जरूर अभ्यासावं.

पण आज मला खालच्या मजल्यावरून सुरुवात करायची आहे. म्हणून आधी एक करूया. ज्यांनी स्वतःच्या, लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणात सरकारी दवाखान्यात कुणाच्या तरी हातात पैसे ठेवले, त्यांनी हात वर करा. बघा. मोजायलाच नको, न केलेले हात मोजणं सोपं. आता हात खाली घ्या. ज्यांनी लाच दिली, त्यांनी हात वर करा.

एकही नाही!

हा प्रयोग मी बऱ्याच ठिकाणी केला आहे आणि दर वेळी असंच होतं. पैसे दिले, पण लाच दिली नाही. मग काय दिलं? कुणी म्हणतं चहापाणी, कुणी पेढ्याचे, कुणी साडीचोळीचे. सगळ्यात जास्त चालणारा शब्द म्हणजे 'खुशी'. "तुमच्या खुशीनं काय द्यायचं ते द्या." आता ही खुशी कशी असते ते मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

रात्रीचे दोन वाजले होते. आमच्या कामाच्या गावातली एक मुलगी, पहिलटकरीण. तिची आई आणि मी बाहेरच्या बाकावर. नवरा ऊस वाहतुकीच्या गाडीवर, तो नव्हताच. दवाखान्याचं नाव सांगत नाही. एकाच दवाखान्याचं नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटतात. आतून ओरडण्याचा आवाज येत होता, आणि त्याबरोबर, "आता कशाला ओरडतेस, तेव्हा कळलं नाही का?" हे आपलं नेहमीचं वाक्य. तासाभराने आवाज थांबला, बाळ रडलं. आईने पदर डोळ्यांना लावला. दार उघडलं, पण बाळ बाहेर आलं नाही. आया एकटीच आली. म्हणाली, "काय झालं असेल, ओळखा पाहू?" आईला काही सुचेना. आया म्हणाली, "मुलगा आहे. पाचशेच्या खाली ऐकायची नाही हं मी!" आईच्या कनवटीला दोनशे होते. उरलेले तीनशे मी दिले.

होय, मी दिले. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या, शिबिरांतून हक्कांवर बोलणाऱ्या कार्यकर्तीने दिले. बाळ आत होतं, पोर आत होती, टाके पडायचे होते. त्या दाराशी उभं असताना कायदा आठवत नाही हो. बाळ कुशीत कधी येतं एवढंच मनात असतं. मागणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तर तो नेमका तोच क्षण निवडतो.

शेजारच्या खाटेवरच्या बाईला मुलगी झाली होती. तिच्या सासूने मला सांगितलं, "आमच्याकडून शंभरच घेतले. बिचारी म्हणाली, मुलगी आहे, असू द्या." सासूला त्या आयेचं कौतुक वाटत होतं! मुलगा पाचशे, मुलगी शंभर. पोरीने अजून आईचं दूधही प्यायलं नव्हतं. आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. बंगळूरमध्ये पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने तिथल्या महापालिकेच्या प्रसूतिगृहांचा २००० सालच्या सुमारास अभ्यास केला, तेव्हाही गरीब बायकांनी हेच सांगितलं होतं.

आता कायदा काय म्हणतो ते एकदा नीट ऐकून घ्या. जून २०११ पासून 'जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम' आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत. सिझर झालं तरी मोफत. औषधं, रक्त, लघवी-रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी मोफत. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण मोफत. घरून दवाखान्यात आणणं, मोठ्या दवाखान्यात पाठवायचं तर तिथे नेणं, आणि बाळ-बाळंतिणीला घरी पोचवणं, तेही मोफत. त्याशिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. म्हणजे तुमचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं दुसऱ्या खात्यांखाली येतात, तिथे केसपेपरचा नियम वेगळा असू शकतो, पण बाळंतपण तिथेही मोफतच.

याचा एक मोठा फायदा आहे. पूर्वी बाईला कळायचं नाही की पाच रुपये सरकारचे किती आणि वरचे किती. आता हिशेब सोपा झाला. सरकारी खिडकीवर काहीच द्यायचं नाही, म्हणजे जे मागितलं जातं ते सगळं वरचंच.

दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना 'जननी सुरक्षा योजने'तून दवाखान्यात बाळंत झाल्यावर खेड्यात सातशे रुपये मिळतात. पूर्वी हे पैसे हातात मिळायचे आणि देणारा त्यातलेच शंभर-दोनशे ठेवून घ्यायचा. आता ते बँकेत जमा होतात. तेवढी एक चोरवाट बुजली, हे मान्य केलं पाहिजे. पण खातं बंद पडलंय, आधार जोडलेलं नाही, माहेरचं नाव आणि सासरचं नाव जुळत नाही, म्हणून चार चार खेपा घालाव्या लागतात. आणि गंमत बघा, सरकार खात्यावर देतं सातशे, आणि प्रसूतीच्या खोलीत, औषधाच्या चिठ्ठीत आणि गाडीवाल्याच्या हातात त्याहून जास्त जातात. बाहेरून औषधं आणायला लावतात ती चिठ्ठी जपून ठेवा, तिचं काम पुढे सांगते.

आता थोडं त्या आयेबद्दल. तिच्यावर राग काढणं फार सोपं आहे. पाचशे रुपये घेताना ती दिसते. पण तिच्याशी नंतर मी बोलले. ती ठेकेदाराकडे कामाला. कागदावरचा पगार वेगळा, हातात पडणारा वेगळा, आणि तोही तीन तीन महिने नाही. मधला वाटा ठेकेदार खातो आणि ठेका मिळवायला त्याने कुणाला किती दिले ते तो सांगत नाही. बाळंतिणीची घाण उचलायचं काम कुठल्या जातीच्या बाईकडे येतं हेही तुम्हाला सांगायला नको. मी तिला विचारलं, "तू स्वतः कुठे बाळंत झालीस?" म्हणाली, "इथंच. मलाबी द्यावे लागले."

म्हणून तिचं घेणं बरोबर ठरत नाही. बाळ अडवून धरणं हे क्रूरच आहे, आणि मी तिला तसं तोंडावर सांगितलं. पण आपल्या आंदोलनाने आयेला पकडलं आणि ठेकेदाराला सोडलं, तर आपण पायरीवरच थांबलो. लाचलुचपतवाल्यांच्या सापळ्यातही बहुतेक खालचाच माणूस सापडतो. दुपारनंतर स्वतःच्या खाजगी दवाखान्यात बसून तोच पेशंट तिकडे बोलावणारा सरकारी डॉक्टर कोणत्या सापळ्यात सापडतो? त्याच्या हातावर कुणी नोट ठेवतच नाही.

आशाताईंबद्दलही बोलायला हवं, कारण आज इथे बऱ्याच आशा बसल्या आहेत आणि त्यांच्यावर आरोप होतात की खाजगी दवाखान्यात पेशंट नेऊन त्या 'कमिशन' घेतात. काही ठिकाणी होतं, नाकारून चालणार नाही. पण जिला सरकार कर्मचारीच मानत नाही, कामागणिक मोबदला देते आणि तोही थकवते, तिच्याकडून निष्ठा मात्र पगारी नोकराहून जास्त मागायची, याला काय म्हणावं? आशांनी आपल्या संघटनेत हा विषय उघड घेतला पाहिजे असं माझं मत आहे. नाही घेतला तर बाहेरचे लोक तो तुमच्याविरुद्ध वापरतील.

मग तक्रार का होत नाही? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. आता लाच घेणाऱ्याइतकाच देणाराही गुन्हेगार. भाग पाडलं म्हणून दिली असेल तर सुटका आहे, पण सात दिवसांच्या आत पोलिसांत किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागात कळवलं पाहिजे. मागणी झाल्यावर आधीच विभागाला कळवून, त्यांच्या सांगण्यावरून पैसे दिले तर तो गुन्हा होत नाही. त्यांचा नंबर १०६४, लिहून घ्या.

सात दिवस! हा कायदा करणाऱ्यांच्या घरात कधी कुणी बाळंत झालं नसेल का? सात दिवसांत काय काय असतं? बाई दवाखान्यातून घरी येते. दूध येत नाही. टाके दुखतात. पाचवीला सटवी पुजायची असते. ज्या घरात पाचवीची पूजा मांडलेली आहे तिथे कोण तक्रारीचा कागद लिहायला बसतं? बारशापर्यंत बाईला उंबरठा ओलांडू देत नाहीत, आणि कायद्याची मुदत बारशाच्या आधीच संपते. शिवाय त्याच नर्सकडे दीड महिन्यांनी बाळाला डोस पाजायला न्यायचं असतं. सासू म्हणते, "पाचशे गेले तर गेले, पोराला सुई नीट टोचतील ना?" सासू चुकीचं बोलत नाही. तिला व्यवस्था कळते.

म्हणून बाळंतिणीने तक्रार करावी ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. तक्रार मंडळाने करायची. सातव्या महिन्यापासून आपण त्या बाईच्या घरी जातो ना, मग तेव्हाच ठरवायचं की दवाखान्यात सोबत कोण जाईल, बाकावर कोण बसेल, आणि पैसे मागितले तर फोन कोण करेल. आमच्या एका गावात दोघीजणी पाळीने सोबत जातात. त्यांनी काही भांडण केलं नाही. आयेला एवढंच म्हणाल्या, "ताई, आम्ही मंडळाच्या. तुमचा पगार किती महिने झाला नाही?" पगाराचा अर्ज त्यांनी तिच्याबरोबर लिहिला. त्या दवाखान्यात आमच्या गावच्या बाईकडून पैसे घेणं थांबलं. बाकीच्या गावांकडून घेतात, तेही सांगितलं पाहिजे.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त छळते. ती सरकारी नाही, खाजगी आहे, आणि तिथे कुणी 'खुशी' मागत नाही. रीतसर पावती देतात, निदान कधीकधी.

पिशवी काढण्याची गोष्ट. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका इथे आहेत, त्यांना मी काय सांगू? दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायकोचा एक कोयता धरून मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कारखान्याच्या गावाला जायचं. खोपीत राहायचं, न्हाणी नाही, संडास नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. खाडा केला की पैसे कापतात. अंगावरून जायला लागतं, ओटीपोट दुखतं, बाई गावी आल्यावर डॉक्टरकडे जाते. तो सोनोग्राफी करतो आणि म्हणतो, "पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल." कॅन्सर शब्द ऐकल्यावर कोणती बाई पुढचा प्रश्न विचारेल? वीस-पंचवीस हजारांसाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल. ती फेडायला पुढचा हंगाम. पिशवी नसलेल्या पोटाने पुन्हा मोळी उचलायची.

२०१९ साली हे वर्तमानपत्रांतून गाजलं. बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली, असं त्या वेळच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. मग विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१५-१६ मध्ये झाली, त्यात देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत हे प्रमाण तीनच्या थोडं वर होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही हे मान्य, पण एवढी तफावत पद्धतीने होत नाही.

यात लाच कुठे आहे, असं मला एका वकील मैत्रिणीने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. खाजगी डॉक्टर सरकारी नोकर नाही, म्हणून १९८८ चा कायदा त्याला लागत नाही. पण सोनोग्राफीला पाठवणाऱ्याला वाटा, ऑपरेशनला पाठवणाऱ्याला वाटा. याला 'कट' म्हणतात. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अनेक प्रामाणिक डॉक्टरांशी बोलून याविषयी लिहिलं आहे, आणि त्यातून दिसतं की कट न देणाऱ्या डॉक्टरला धंद्यात टिकणंही अवघड होतं. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत कट घेणं-देणं निषिद्ध आहे. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती नेमली आणि कटविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला. तो मसुदाच राहिला. डॉक्टरांच्या संघटना बलवान, ऊसतोड बायकांचं बळ तेवढं नाही. दुसरं काय कारण शोधायचं?

आणि बाईच्या शरीराबद्दल आपण काय समजतो हेही बघायला नको का? "पोरं झाली, आता पिशवीचं काय काम?" हे वाक्य डॉक्टर म्हणतो, नवरा म्हणतो, मुकादम म्हणतो, आणि सख्यांनो, आपणही म्हणतो. पाळीची कटकट गेली, सुटले एकदाची, असं म्हणणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. अंडकोशही काढले की तिशीतच पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आपल्या शरीराला आपणच बिनकामाचं म्हणायला लागलो तर धंदेवाल्याचं काम निम्मं झालं.

बीडमध्ये त्यानंतर खाजगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं सक्तीचं केलं. बिहार, राजस्थान, छत्तीसगडमधल्या अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता सर्वोच्च न्यायालयात गेले होते. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत स्वीकारा. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समिती हवी असं आहे. आपल्या जिल्ह्यात ती समिती आहे का, तिच्या बैठका झाल्या का, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात, आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता काय केल्याने फरक पडतो, याचं एक उदाहरण. २००७ पासून महाराष्ट्रात 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. पहिल्यांदा अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, हे पाच जिल्हे होते. पुण्याची 'साथी' संस्था राज्य पातळीवर समन्वय करत होती. गावातल्या लोकांनी, बायकांनी, स्वतः प्रश्नावली भरायची. नर्स येते का, औषधं बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का. उत्तरांवरून लाल, पिवळा, हिरवा रंग असलेलं प्रगतिपुस्तक गावात लावायचं. आणि मग जनसुनवाई. समोर वैद्यकीय अधिकारी, पंचायत समितीचे लोक, आणि माईकवर बाई.

अशा एका जनसुनवाईत मी होते. एक आदिवासी बाई उठली. तिने भाषण केलं नाही. पदराच्या गाठीतून औषधांच्या चार चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर एकापुढे एक मांडल्या, बाजारात भाजी मांडतो तशा. म्हणाली, "ही औषधं तुमच्याकडं फुकट हायेत असं तुमच्याच भिंतीवर लिवलंय. मग ही मी का आणली?" अधिकाऱ्यांनी रजिस्टर मागवलं. औषधं साठ्यात होती. तिचे पैसे परत मिळाले, सगळ्यांदेखत. एवढ्या लोकांत परत मिळालेल्या त्या पैशांची मोजणी तिने दोनदा केली, आणि बरोबर केलं. म्हणून मघाशी म्हटलं, चिठ्ठ्या जपून ठेवा.

सगळंच असं छान झालं नाही. काही ठिकाणी अधिकारी सुनवाईला आलेच नाहीत. जागा रिकाम्या आहेत, त्या कोणत्याही सुनवाईने भरत नाहीत. ज्या केंद्रात डॉक्टरच नाही तिथे भ्रष्टाचार कमी झाला असं म्हणणं म्हणजे थट्टाच. तरी बाईने माईक हातात घेणं आणि साहेबाने रजिस्टर मागवणं, हे त्या गावाने पाहिलं.

खाजगी दवाखान्यांसाठीही एक दोरी हातात आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये बदल झाले. दवाखान्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक झालं, तक्रारीची सोयही ठेवायची आहे. आपल्या तालुक्यात किती दवाखान्यांत ते लावलेलं आहे? मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. ते आपण बघायचं आहे.

तर आता जेवणाची सुट्टी, आणि तीन वाजता गट करून बसायचं. प्रत्येक गटाने तालुक्यातले चार दवाखाने वाटून घ्यायचे, दोन सरकारी, दोन खाजगी. पुढच्या आठवड्यात दोघी-दोघींनी जायचं आणि फक्त भिंती वाचून यायच्या. काय लावलंय, काय लावलेलं नाही, मराठीत आहे का, बाईच्या नजरेच्या उंचीवर आहे की पंख्याच्या वर. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी वाचणारीबरोबर जायचं, आणि बाकावरच्या बायकांशी बोलायचं काम त्यांनी करायचं, कारण ते त्यांना जास्त चांगलं जमतं. भांडण करायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, मंडळाच्या आहोत, भिंत वाचतोय.

आणि मावशी, तुम्ही माझ्या गटात.